भाड्याचं घर, अडकलेला धंदा: जप्तीत काय जातं आणि काय राहतं



या आठवड्याचा व्हिडिओ होता धंदा गुंडाळायची वेळ आली तर देणी कशी मिटवायची, यावर. त्यात जप्तीचा विषय दोन मिनिटांत उरकावा लागला. पण खरी भीती तिथेच असते, म्हणून तो भाग इथे नीट लिहून काढतोय. आणि मुद्दाम अशांसाठी लिहितोय ज्यांच्या नावावर स्वतःचं घर नाही. गाळा भाड्याचा, राहती खोलीही भाड्याची.

अशा माणसाच्या तोंडी दोन टोकाची वाक्यं असतात. एक, "माझ्या नावावर आहेच काय? येऊ दे कोणाला यायचं ते." दुसरं, "आता घरातली भांडीकुंडीसुद्धा उचलून नेतील." दोन्ही चूक. पण दुसरी भीती जास्त महागात पडते. त्या भीतीपोटी माणूस पीपीएफमधून जमेल तेवढं काढतो, एलआयसी सरेंडर करतो, बायकोचे दागिने गहाण टाकतो आणि जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय त्याचे दोन हप्ते भरतो. तीन महिन्यांनी परत तेच. फरक एवढाच, की कायद्याने जे त्याच्याकडे राहू दिलं असतं, नेमकं तेच त्याने आपल्या हाताने संपवलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. कल्पित आहे, आकडे मी मांडलेत. समजा, नाशिकमध्ये शिलाईकाम करणारे एक गृहस्थ आहेत. गाळ्यात ४ मशीन. २ जुनी, रोख पैसे देऊन घेतलेली. २ नवी, मुद्रा कर्जातून. मुद्राचे ६ लाख बाकी, पतसंस्थेचे ३ लाख, कापडाच्या व्यापाऱ्याची अडीच लाखांची उधारी. पतसंस्थेला मेहुणा जामीन. जमेच्या बाजूला पीपीएफमध्ये २ लाख, एक जुनी एलआयसी पॉलिसी, ८० हजारांची एफडी, स्कूटर, फ्रिज, टीव्ही, गाळ्याचं १ लाख डिपॉझिट, खोलीचं ४० हजार. शिवाय बायकोचं मंगळसूत्र, चार बांगड्या आणि माहेरहून आलेला एक हार.

यातलं काय जाईल?

तारण दिलेलं आधी बाजूला काढा

पुढे ज्या सवलती सांगणार आहे, त्या तारण दिलेल्या वस्तूला लागू नाहीत. मुद्रा कर्जाला वेगळं तारण नसतं हे खरं, पण कर्जातून घेतलेली मशीन बँकेकडे नजरगहाण असतात. सह्या करताना हा कागद कोणी वाचत नाही. खातं एनपीए झालं की बँक ६० दिवसांची नोटीस देऊन ती २ नवी मशीन ताब्यात घेऊ शकते. सरफेसी कायद्यात जप्तीपासून वाचणाऱ्या वस्तूंना सूट आहे, पण त्यातच स्पष्ट म्हटलंय की त्या कर्जासाठी तारण दिलेल्या वस्तू सोडून. गोल्ड लोनमधलं सोनं, बँकेच्या नावे असाइन केलेली पॉलिसी, हप्त्यावरची गाडी, सगळ्यांचं हेच.

"सरकारची गॅरंटी आहे ना माझ्या कर्जाला?" हा प्रश्न नेहमीचा. ती गॅरंटी बँकेला आहे, तुम्हाला नाही. सरकारी योजनेतून बँकेला पैसे मिळाले तरी तुमच्या डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं.

कलम ६० ची यादी

आता उरलेलं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिचं कलम ६०. कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावर तुमच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येते आणि कोणत्यांवर नाही, हे तिथे लिहिलेलं आहे. नियम सोपा आहे: विकण्यासारखं जे जे तुमचं, ते सगळं जप्त होऊ शकतं, यादीतलं सोडून. आणि ही यादी रकमेवर नाही, वस्तूच्या प्रकारावर आहे. "५० हजारांपर्यंतचं सामान सोडा" असं काही त्यात नाही.

घरातलं काय वाचतं? तुमचे, बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, खाट. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. बस. फ्रिज, टीव्ही, सोफा, वॉशिंग मशीन यादीत नाहीत. यादी १९०८ च्या घराची आहे, त्याला इलाज नाही. वापरलेल्या फ्रिजला लिलावात फारसं काही येत नाही, म्हणून शहाणा माणूस त्याच्या मागे लागत नाही, हा भाग वेगळा. कायद्याने तो सुरक्षित नाही.

बायकोच्या बांगड्या आणि हार? इथे मुद्दा सवलतीचा नाहीच. ते स्त्रीधन आहे, तिच्या मालकीचं आहे, आणि कर्ज तुमचं आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. ती कुठे सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करून बसली आहे का? तसं असेल तर ते कर्ज तिचंही झालं. आणि दागिन्यांची पावती, लग्नातले फोटो, असं काही हाताशी आहे का? कारण हरकत तिलाच घ्यावी लागेल.

धंद्यातलं काय वाचतं? कारागिराची हत्यारं-अवजारं. स्वतः मशीनवर बसून शिवणाऱ्या आपल्या गृहस्थांना त्या २ जुन्या मशीनसाठी हा मुद्दा नेटाने मांडता येतो. पण हाताखाली १५ कारागीर ठेवून स्वतः फक्त ऑर्डर घेणारा मालक स्वतःला कारागीर म्हणवू लागला, तर कोर्टात ते टिकणं अवघड. गाळ्यातला कपडा, तयार माल, काउंटर, पंखे, हे सगळं जातं. स्कूटर जाते. धंद्याच्या वह्या मात्र जप्त होत नाहीत. त्यांच्याकडे परत येऊच.

पैशांचं बघा, कारण खरा फरक इथे पडतो. एफडी जाते. बचत खात्यातली शिल्लक जाते. आणि एफडी त्याच बँकेत असेल जिचं कर्ज थकलंय, तर कोर्टाची वाट न बघता बँक ती वळती करून घेऊ शकते. पण पीपीएफमधले २ लाख कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी जप्त होत नाहीत. तुमच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीतून मिळणारे पैसेही नाहीत. (इन्कम टॅक्सच्या थकबाकीला पीपीएफची ही ढाल चालत नाही.) म्हणजे तोच माणूस, तेवढेच २ लाख. एफडीत असतील तर गेले, पीपीएफमध्ये असतील तर राहिले. आणि आपली माणसं अडचणीत आली की आधी कशाला हात लावतात? "एफडी राहू दे, इमर्जन्सीला लागेल, पीपीएफ काढू." उलटं करा.

डिपॉझिट? घरमालकाकडे ठेवलेली रक्कम म्हणजे तुमचं येणं, आणि येणं जप्त होतं. कोर्ट थेट घरमालकाला सांगू शकतं की हे पैसे इकडे भरा. गाळ्याचं १ लाख आणि खोलीचं ४० हजार, दोन्ही धोक्यात.

भाडेकरूसाठी यादीत एक ओळ आहे

कलम ६० मध्ये राहत्या घराला सूट आहे, पण ती शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या घराला. दुकानदाराला नाही. म्हणजे तुमच्या शेजारच्या दुकानदाराचा स्वतःचा फ्लॅट असेल, तर तो जाऊ शकतो. घर नसणाऱ्याचं या बाबतीत नुकसान काहीच होत नाही.

उलट भाडेकरूला एक वेगळी सूट आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. भाडे नियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क जप्त करता येत नाही. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. गिरगाव, लालबाग, पुण्यातल्या पेठा, इथे पगडीच्या खोलीत तीन पिढ्या राहणाऱ्या माणसासाठी ही ओळ लाखमोलाची आहे. त्या हक्काला बाजारात मोठी किंमत येते, आणि तरीही तो हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी विकता येत नाही. लक्षात ठेवा, राहती जागा. पगडीच्या दुकानाला ही ओळ लागू नाही. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर प्रश्नच वेगळा. तिथे विकण्यासारखा हक्क मुळात नसतो, असतं ते फक्त डिपॉझिट.

आणि हो, कर्जाच्या छापील फॉर्ममध्ये "मी सर्व कायदेशीर सवलती सोडून देत आहे" असं वाक्य असलं तर घाबरू नका. कलम ६० च्या सवलती सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. कलम ६०, पोटकलम (१क). सही केली असली तरी.

दारात माणूस आला तर

आधी विचारा, कोण? रिकव्हरी एजंट असेल तर त्याला घरातली एक वाटीसुद्धा उचलायचा अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, शेजाऱ्यांसमोर अपमान, नातेवाईकांना फोन, हे सगळं नियमाबाहेर आहे.

कोर्टाचा बेलिफ असेल तर प्रकरण वेगळं. म्हणजे दावा झाला, हुकूमनामा झाला, दरखास्त दाखल झाली, आणि तुम्ही यातल्या एखाद्या नोटिसीकडे पाठ फिरवलीत. तरीही मर्यादा आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. बेलिफाशी हुज्जत घालू नका, पंचनाम्यात काय लिहिलं जातंय ते वाचा, आणि सूट असलेली वस्तू नेली असेल तर लगेच वकिलामार्फत आदेश २१, नियम ५८ खाली हरकत घ्या. लिलाव होऊन गेल्यावर ही हरकत घेता येत नाही. सवलत आपोआप मिळत नाही, मागावी लागते. इथे जितके हरतात तितके कायद्यात हरत नाहीत.

पतसंस्थेचा रस्ता तर आणखी आखूड. ती दिवाणी कोर्टात जातच नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी थेट कामाला लागतो. "कोर्टाचा कागद तर आला नाही" म्हणून गाफील राहिलेले बरेच असतात. तिथे हरकत आधी त्या वसुली अधिकाऱ्याकडेच लेखी द्यायची, आणि पोच घ्यायची.

जेलचं काय? नुसते पैसे नाहीत म्हणून जेल होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हे स्पष्ट केलंय: ऐपत असून मुद्दाम टाळत असेल तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पण चेक बाऊन्स ही फौजदारी बाब आहे, आणि व्यापाऱ्याला "सिक्युरिटी म्हणून" दिलेले कोरे चेक इथेच उलटतात. देणी कोणत्या क्रमाने मिटवायची हे ठरवताना ज्याच्याकडे तुमचे चेक आहेत त्याचा विचार आधी करा.

दुकान बंद करून नोकरी धरली तर

समजा, आपल्या गृहस्थांना एका गारमेंट कंपनीत २५ हजारांची नोकरी लागली. पगारावर जप्ती येईल का? येऊ शकते. पण पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडून. २५ हजारांतून १ हजार वजा, राहिले २४ हजार. त्यातले १६ हजार सुरक्षित. म्हणजे हातात १७ हजार, जप्तीला जास्तीत जास्त ८ हजार. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यापुरती पगारावरची जप्ती कायमची संपते. (बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशेब वेगळा, तिथे फक्त एक तृतीयांश पगार वाचतो.)

फक्त पगारावरची. हुकूमनामा स्वतः १२ वर्षं जिवंत असतो. आज तुमच्याकडे घर नाही, पण आठव्या वर्षी बायको-मुलांसाठी छोटा फ्लॅट तुमच्या नावावर घेतलात, तर जुना व्यापारी तो शोधत येऊ शकतो. "माझ्या नावावर आहेच काय" म्हणणाऱ्याचं इथे चुकतं. आज काही नाही, पण १२ वर्षं काहीच घ्यायचं नाही का?

नादारीचा अर्ज

त्यासाठीच नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा कायदा आहे. २०१६ च्या आयबीसीचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण साध्या दुकानदारासाठी तिचा वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग अजून लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना लागू आहे. म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड काढून डायरेक्टर म्हणून गॅरंटीवर सही केली असेल, तर तुम्ही तिकडचे. तिथली यादी जरा आजच्या काळातली आहे: कामाची अवजारं, गरजेचं वाहन, घरातलं फर्निचर, तारण नसलेली विमा पॉलिसी, असं बरंच.

त्याच कायद्यात 'नवी सुरुवात' नावाची एक प्रक्रिया लिहून ठेवली आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत, आणि अट अशी की स्वतःच्या मालकीचं घर नसावं. बिनघरवाल्यासाठीच केलेली! पण ती चालू झालेली नाही. आणि चालू झाली तरी ३५ हजारांत आजचा कोणता धंदा बसणार, हा माझा प्रश्न आहे.

बाकी सगळ्यांसाठी अजून जुनेच कायदे. मुंबई शहरात १९०९ चा, तो उच्च न्यायालयात चालतो. बाकी महाराष्ट्रात प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०, जिल्हा न्यायालयात. १९२० च्या कायद्यात नादार माणसाची मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, पण कलम ६० ने वाचवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे वरची सगळी यादी इथेही तशीच चालते, एक वस्तू सोडून. हिशेबाच्या वह्या. त्या रिसीव्हरकडे द्याव्याच लागतात.

आणि त्या नसतील तर? शेवटी कोर्टाने तुम्हाला देण्यांतून मोकळं करायचं असतं. मागच्या तीन वर्षांच्या नीट वह्या ठेवल्या नसतील, तर पूर्ण मुक्तता नाकारायला कायदा सांगतो. तसंच विनातारण देण्यांच्या निम्म्याइतकीही मालमत्ता उरली नसेल, तर हे माझ्या हाताबाहेरच्या कारणांनी झालं असं तुम्हाला पटवून द्यावं लागतं. वह्यांशिवाय ते कशावरून पटवणार? जीएसटीसाठी सीएकडे पाठवलेली एक्सेल म्हणजे वही नव्हे. रोजची विक्री, उधारी, गल्ल्यातून घरखर्चाला काढलेले पैसे, हे दिसलं पाहिजे.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी सुटत नाहीत, फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी पतसंस्था मेहुण्याच्या दारात जाणारच. त्याला अंधारात ठेवून अर्ज करू नका.

इथे कोणीतरी डोकं चालवतंच: "मग आधीच सगळं भावाच्या नावावर करून टाकतो." अर्जाच्या आधीच्या २ वर्षांतलं, योग्य मोबदला न घेता केलेलं हस्तांतर रद्द होऊ शकतं. शेवटच्या ३ महिन्यांत एकाच लाडक्या धनकोला झुकतं माप दिलं असेल तर तेही. आणि मालमत्ता लपवणं हा त्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पीपीएफ वर्षानुवर्षं भरत आलात ते वेगळं, आणि बुडायच्या आदल्या दिवशी स्कूटर पुतण्याच्या नावावर केलीत ते वेगळं.

यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून काही जण विचारतात, "घर नसलं तर त्या सवलतीची रक्कम दुसऱ्या वस्तूला वापरता येते ना?" तिकडे येते. तिथल्या केंद्रीय यादीप्रमाणे १ एप्रिल २०२५ पासून कोणत्याही वस्तूसाठी १,६७५ डॉलर, वर घराच्या न वापरलेल्या सवलतीतले १५,८०० डॉलरपर्यंत. न्यू जर्सीत तर ही केंद्रीय यादी निवडता येते, त्यामुळे तिकडे तुमचा कोणी भाचा-पुतण्या असेल तर त्याच्या कामाचं आहे. आपल्या कायद्यात असं काहीही नाही. तो व्हिडिओ बघून इथल्या वकिलाशी वाद घालू नका.

वकिलाकडे जाताना हे घेऊन जा: प्रत्येक कर्जाचा मंजुरीचा कागद आणि नजरगहाणाचा करार, जुन्या मशीनच्या पावत्या, पीपीएफ पासबुक, पॉलिसीचा बॉण्ड, दोन्ही भाडेकरार, दिलेल्या चेकची यादी नंबरासकट, आणि तीन वर्षांच्या वह्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. फोन करायचा तो दरखास्तीची नोटीस आली त्याच आठवड्यात, बेलिफ येऊन गेल्यावर नाही.